दाबा, धरा, सोडा

निकेतने बँकेतली नोकरी सोडली, तेव्हापासून जयकुमार आपल्या या मुलाशी बोलत नव्हते, आणि तोही त्यांच्याशी. "विचार त्याला, जेवणार आहे का," "सांग त्यांना, बाहेर खाल्लंय," असा सगळा कारभार हाटकेश भागातल्या त्यांच्या वन बीएचके फ्लॅटमध्ये निकेतच्या आईमार्फत, नीलिमाबाईंमार्फत चालायचा.

रविवारी निकेत बिल्डिंगखाली मोटरसायकलचं ब्रेक ऑइल बदलायला बसला. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खालचा नट सैल करून जुनं ऑइल काढायचं, आणि नट परत आवळला की मगच ब्रेक सोडायचा. नीलिमाबाईंनी गॅसवर दूध असल्याचं सांगून आपल्याऐवजी नवऱ्याला खाली पाठवलं.

"दाबा."

"दाबला."

"धरा."

"धरलाय."

"आता सोडा."

"सोडला."

तासभर हेच चाललं. काम संपलं आणि दोघं लिफ्टमध्ये वेगवेगळ्या भिंतींकडे बघत वर आले.

पुढच्या रविवारी जयकुमारांनी आपली जुनी स्कूटर ढकलत आणून निकेतच्या शेजारी उभी केली.

"हिचंही ब्रेक ऑइल बदलायला झालंय," ते म्हणाले.

स्कूटरला वायरचे ब्रेक होते, त्यात ऑइल नसतंच. निकेतने नोकरी सोडण्याआधी ती वायर दोघांनी मिळूनच बदलली होती.

निकेतने खाली वाकून चाकाकडे बराच वेळ पाहिलं.



"हो बाबा, पार काळं पडलंय. दाबा."