आजोबांचं ओके

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आजोबांच्या जिभेवर एकच शब्द उरला होता, 'ओके'. त्यांना बोलायला शिकवायला आलेली मुलगी वही उघडून बसली.

"ओके," आजोबा म्हणाले. आजीने पंखा कमी केला.

"ओके!" आजीने त्यांचा चष्मा पुसून दिला.

"ओऽके."

"हे आता तुला म्हणतायत पोरी, जरा टेकून बस."

मुलीने सगळे अर्थ भराभर टिपून घेतले. "काळजी करू नका आजी, आणखी शब्द येतील."

"काळजी कसली? चाळीस वर्षं नुसत्या 'हं'वर संसार रेटला मी. आता कुठे यांना कंठ फुटलाय!"

"ओके," आजीकडे बघत आजोबा हळूच म्हणाले.

"आणि हे?" मुलीने पेन सरसावलं.

आजी चक्क लाजली. "हे नको लिहूस."