तबकातली गच्ची

स्पेनमधल्या कादिझच्या मनोऱ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत एन्कार्ना पाहुण्यांना शहर दाखवायची. छतातल्या भिंगातून बाहेरचं त्या क्षणाचं शहर पांढऱ्या गोल तबकात उतरायचं: बोटी, कॅथेड्रल, गच्च्यांवर वाळणारे कपडे.

आज नवरा फेर्मीन प्रथमच वर आला होता. "तुझ्या बहिणीचं तोंड मी ईस्टरपासून पाहिलेलं नाही," असं त्याने जिन्यात शपथेवर सांगितलं होतं आणि तिने ते मानलं होतं. आता अंधारात त्याचा हात तिच्या हातात होता.

तिने भिंगाची दोरी ओढली, तशी तबकात त्यांचीच गच्ची आली. धाकटी बहीण कान्देला ओली चादर पिळत होती. चादरीचं दुसरं टोक फेर्मीनने धरलं होतं.

"असा नवरा भाड्याने मिळतो का हो? आमचा पेलाही विसळत नाही," एक पाहुणी म्हणाली. सगळे हसले.

"फेर्मीन," एन्कार्ना कुजबुजली, "तू इथेच आहेस ना?"

"मग कुठे जाईन, वेडे?" आवाज अगदी कानाशी होता.

तबकातल्या कान्देलाने चादर खाली टाकली आणि फेर्मीनचा हात धरला.

एन्कार्नाच्या मुठीतला हात गार आणि ओला झाला. मग तो हळूहळू तिच्या बोटांतून सुटू लागला.