निळा टाय

दारावर तीनदा टकटक झाली. दोनदा वाजवायचं ते शौचालयाचं दार, हे शिगेमात्सुबाईंनी पहिल्याच तासाला सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

"या."

त्सुबोई आत आला. दार हलकेच लावलं, खुर्चीच्या डाव्या बाजूला उभा राहिला, कमरेत वाकला. सगळं चोख. विद्यापीठाच्या नोकरी मार्गदर्शन कक्षात बाई वर्षानुवर्षं चौथ्या वर्षाच्या मुलांच्या लुटुपुटीच्या मुलाखती घेत आल्या होत्या. त्यांची नजर सवयीनं त्याच्या बुटांपासून वर चढत गेली आणि गळ्यापाशी अडकली.

"हे काय, काळा टाय? उद्या शेवटची फेरी आहे तुझी. मुलाखतीला निघालायस की मयताला?"

"मयतालाच, बाई," तो म्हणाला. "म्हणजे तिथूनच आलोय. चुकलं. घाईत बदलायचा राहिला."

त्यानं बॅगेतून निळा टाय काढला आणि उभ्या उभ्या बांधला. बाकी काही बदलायची गरज नव्हती. नोकरीसाठी घेतलेला काळा सूट दोन्हीकडे चालतो.

"कोण गेलं?"

"आई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अरे, मग आज कशाला आलास? एक फोन करायचास."

"दिलेली वेळ ऐनवेळी मोडायची नाही, तुम्हीच सांगता ना. आणि उद्याचीच तर मुलाखत." त्यानं खिडकीकडे मान वळवली. "इथेच, टेकडीमागच्या दहनगृहात चालू आहे. दहन होईतो नुसतं बसून चहाच प्यायचा असतो. मावशी बसलीय तिथे. अस्थी उचलायच्या वेळेला मात्र मला पोचायला हवं. ती एकटी कशी उचलणार? आम्ही दोघंच आहोत."

दोघांनी दोन बाजूंनी, जेवायच्या काड्यांसारख्या लांब काड्यांत धरून एकेक हाड मिळून कलशात ठेवायचं, अशी रीत. बाईंनीही वडिलांच्या वेळी भावाबरोबर उचललं होतं.

"बाई, एकच विचारायचं होतं. आईचं आता उत्तरात घालू का?"

त्याला काय म्हणायचंय ते बाईंना लगेच कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. विद्यार्थी असताना सगळ्यात जास्त कष्ट कशासाठी घेतलेत, हा प्रश्न एकही कंपनी सोडत नाही. वसंतात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं होतं: आई अंथरुणाला खिळलीय, तिचं सगळं मी करतो. बाईंनी ते उत्तर तिथल्या तिथे काढायला लावलं. "कंपनीला मायाळू मुलगा आवडतो रे, पण रजा मागणारा नाही आवडत. आईचं ऐकलं की पुढचं कुणी ऐकणारच नाही." त्यांचं चुकलं नव्हतं. तेच तर खरं दुखणं होतं. तेव्हापासून हा पोरगा जाईल तिथे दुकानातल्या अर्धवेळ कामाबद्दल, दुधाचे डबे फळीवर कसे सुधारून मांडले त्याबद्दल बोलत होता आणि नकार घेऊन परत येत होता.

"आता रजेचा प्रश्नच उरला नाही ना," तो म्हणाला.

घरी जा म्हणायला हवं होतं. पण हात आपसूक घड्याळाकडे गेला.

"बस. सांग. मिनिटाच्या आत बसव."

तो खुर्चीच्या कडेवर ताठ बसला, मुठी मांडीवर. आईला कूस बदलून द्यायला रात्रीतून किती वेळा उठावं लागे, घास गिळता येईना तेव्हा भात किती मऊ शिजवावा लागे, ते सांगू लागला. भातापाशी त्याचा आवाज फाटला.

"इथे थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "डोळे भरले तर कच्चा आहे म्हणतात. भात गाळ. त्यातून काय शिकलास त्यावर ये."

"हो." त्यानं श्वास घेतला. "यातून मी वेळेचं नियोजन आणि दुसऱ्याची गरज ओळखायला शिकलो. आपल्या कंपनीत याचा उपयोग करीन."

बसलं मिनिटात. इतकं चांगलं उत्तर त्यानं आजवर दिलं नव्हतं. बाईंना स्वतःची शरम वाटली, आणि तरी त्यांनी मान डोलावली. मग शेवटचा ठरलेला प्रश्न टाकला, ज्याला 'काही नाही' असं कधीच म्हणायचं नसतं.

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

"हो," त्सुबोई तसाच ताठ बसून म्हणाला. "आई असती, तर घेतलं असतंत का मला?"

बाहेर कुठल्याशा वर्गाची सुट्टी झाली. पोरांच्या गप्पांचा आवाज दारावरून पुढे गेला.

"हे उद्या विचारू नकोस," बाई कशाबशा म्हणाल्या.

"नाही विचारणार. म्हणून तर इथे विचारलं."

तो उठला. दाराजवळच्या आरशासमोर निळा टाय सोडला, घडी करून बॅगेत ठेवला, काळा बांधायला घेतला. आरशाखाली बाईंनीच स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'निघण्याआधी ओठांचे कोपरे वर.' इथून जाणारं प्रत्येक पोर त्या आरशात बघून एकदा हसून जायचं.

त्सुबोईनं गाठ सरळ केली, आरशात पाहिलं, आणि त्याच्या ओठांचे कोपरे वर गेले. अगदी शिकवल्यासारखे.

अरे, आता नको, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर तो दाराशी वळून कमरेत वाकला आणि ते हसू तोंडावर तसंच ठेवून टेकडीकडे निघाला.