आबांचा समुद्र

“हे वळण मघाशी एकदा झालं न्हवं?” मागच्या सीटवरून आबांनी विचारलं, तशी दिशा पटकन मागं वळली.

“कोकणातली वळणं सारखीच असतात, आबा,” ती म्हणाली. गाडी चालवणाऱ्या भावानं, ओमनं, नजर रस्त्यावरच ठेवली. पहाटेपासून गाडी श्रीरामपूर, लोणी, कोल्हार आणि परत राहुरी अशी घाण्याच्या बैलासारखी फिरत होती.

आबांना, म्हणजे त्यांच्या आसाराम आजोबांना, मरायच्या आधी एकदा समुद्र गाठायचा होता. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले, हट्ट काही गेला नाही. दिसला नाही तर नुसता वास घेईन, म्हणायचे. पण छाती नाजूक आहे, दवाखान्यापासून लांब नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग समुद्रच जवळ आणायचा, असं दोघा नातवंडांनी ठरवलं. मुळा धरणाच्या काठाला ओमच्या मित्राचं शेतघर होतं. दोन दिवसांची सहल ठरली.

दिवाळीनंतर आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सुटली तेव्हा ते म्हणाले, “अंधारच हाय.” त्या दिवशी दिशा खूप रडली. पुण्यातल्या शाळेत लागलेली नोकरी तिनं पुढं ढकलली आणि आबांजवळ राहिली, रोज पेपर वाचून दाखवत. शाळेचं नवं पत्र आलं, ते तिनं पेपरच्या गठ्ठ्यात दडवलं. त्यातलं ओमलासुद्धा सांगितलं नाही.

काठावर उतरल्यावर आबांनी नाक वर केलं. राहुरीच्या बाजारातले सुके बोंबील ओमनं आधीच झुडपावर पसरून ठेवले होते. वास बरोबर हाय, आबा म्हणाले. पण म्हातारा पक्का संशयी. लाटा एवढ्या बारीक कशा, हा पुढचा प्रश्न. ओहोटी आहे, ओमनं ठोकून दिलं.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाई आली. “पानी लई हाय औंदा,” ती म्हणाली. ओमनं ओठांवर बोट ठेवून तिला हात जोडले.

“बोलू दे की तिला,” आबा म्हणाले. “कोकणात बी आपलीच बोली?”

“नगरकडचीच आहे, इकडं दिलीय,” दिशा घाईनं म्हणाली.

मग आबांनी ओंजळ पुढं केली. समुद्र चाखायचा होता. दिशानं तांब्यात मीठ ढवळलं, पिशवी झुडपामागं टाकली आणि पाणी ओतलं. आबांनी घोट घेतला. ओंजळ तशीच धरून राहिले. कळलं यांना, आता आपल्या हातचं पाणीसुद्धा पुन्हा घेणार नाहीत, असं तिला वाटलं.

“खारट हाय,” आबा म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. “लई मोठा हाय गं तुमचा समुद्र.”

दिशाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी निघताना आबा गाडीपाशी थांबले.

“सोमवारी शाळेत हजर हो, दिशा. शेवटची मुदत हाय, असं लिवलंय त्यांनी.”

दिशानं ओमकडं पाहिलं, त्यानं खांदे उडवले.

“आन् झुडपामागची ती निळी पिशवी उचल,” आबा म्हणाले. “निम्मं मीठ हाय अजून तिच्यात.”