सॉरीला दुसरा शब्द

"सॉ—" एवढंच डॉक्टरांच्या तोंडून बाहेर पडलं आणि शेजारी बसलेल्या हॉस्पिटलच्या वकीलबाईंनी त्यांच्या बाहीवर दोन बोटं टेकवली. डॉक्टर उरलेला शब्द गिळून वर घोटभर पाणी प्यायले.

टेबलाच्या या बाजूला चिमीची आई. तिला लागून चाकाच्या खुर्चीत चिमी, दोन्ही पाय पुढे ताणलेले, दोन्ही गुडघ्यांना बँडेज. दुखत होता डावा. ऑपरेशनला डॉक्टरांनी आधी उघडला उजवा, चांगला धडधाकट. चूक लक्षात आल्यावर मग डावा.

"डॉक्टरांना म्हणायचंय," वकीलबाई म्हणाल्या, "की झाल्या प्रकाराचा हॉस्पिटलला रिग्रेट आहे."

"रिग्रेट म्हणजे?"

"म्हणजे खेद."

"खेद पाटीवर असतो. 'लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल खेद आहे.' तुमच्याच इथे खाली लावलीय. पोरीचा पाय काय लिफ्ट आहे?"

"बरं, मग अनफॉर्च्युनेट म्हणू या. दुर्दैवी."

"म्हणजे सुरी दैवाच्या हातात होती?"

वकीलबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. शब्दांचा त्यांच्याकडे तोटा नव्हता. त्यांनी सिम्पथी काढली, कन्सर्न काढला, 'आम्ही तुमच्या भावना समजू शकतो' हेही काढलं. कापडवाला गिऱ्हाइकापुढे एकेक थान उलगडत जातो तसं चाललं होतं. जे मागितलं होतं ते तेवढं फडताळातून निघत नव्हतं.

आईचं इस्त्रीचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिचा आवाज तसाही मोठाच, आता तो आणखी चढला.

"माझ्या हातून शर्ट जळला तर मी काय म्हणते? शर्टाच्या बाबतीत दुर्दैवी प्रकार घडला म्हणते? सॉरी म्हणते. दादा, चुकलं माझं, म्हणते. दुकानाच्या दारात उभी राहून चार शिव्या खाते. एका शर्टापायी मला म्हणता येतं, आणि यांना माझ्या पोरीला म्हणवत नाही?"

"ताई, आवाज जरा..."

"आवाज माझा आहे. तुमचं काय ते बोला."

"सॉरीचे फार अर्थ होतात, ताई," वकीलबाई समजुतीनं म्हणाल्या. "वाईट वाटणं, कीव येणं, माफी मागणं. कोर्टात मात्र त्यातला एकच काढतात. गुन्हा कबूल."

"मला कोर्टाची पायरी चढायचीच नाही. किती वेळा सांगू? ही पोर रोज उठून मला विचारते, आई, माझंच चुकलं का गं? तुमच्या त्या नर्सबाईंनी तिच्या डोक्यात भरवून ठेवलंय. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघून सांगावं, तुझं नाही बाळा, माझं चुकलं. बस. मी उठले इथून. हवं तर तसं लिहून घ्या."

"आज लिहायचं काहीच नाहीये. आपण नुसतं बोलायला बसलोय."

खरंच, वकीलबाईंपुढचा कागद कोरा होता. त्यावर टोपण लावलेलं पेन आडवं पडलं होतं.

डॉक्टर चिमीचे पाय सोडून सगळीकडे बघत होते. माणूस वाईट नसेलही. पण तोंडात आलेला शब्द गिळून बसायचा, तर त्या चांगुलपणाला काय चाटायचंय?

"आणि मुळात," वकीलबाईंनी आवाज आणखी मऊ केला, "नेमकं काय झालं तेही बघायला हवं ना. नर्सनं मार्करनं बाण काढला तो डाव्याच मांडीवर. शाई ओली होती. चिमीनं चादरीखाली एका पायावर दुसरा पाय टाकला, तो बाण उजव्या मांडीवरही उमटला. आत नेल्यावर चादर सरकवली ती उजवीकडची. डॉक्टरांना बाण दिसला. बाण बघून काम करायचं, हीच तर पद्धत आहे."

आई उठली. तिची खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली.

"आणि कागद? कागदावर डावा लिहिला होता, तो कुणी वाचायचा? हिनं? भूल दिलेल्या पोरीनं उठून तुम्हाला वाचून दाखवायचा? लाज नाही वाटत, दहा वर्षांच्या लेकरावर ढकलताय ते?"

"आम्ही कुणावरही ढकलत नाही. झालं ते सांगतोय."

डॉक्टरांनी पुन्हा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

चिमी इतका वेळ बँडेजचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. सगळं काही तिला कळत नव्हतं. आपल्यापायी मोठी माणसं भांडतायत आणि आई कधी नव्हे ती थरथरतेय, एवढं कळत होतं. तिनं आईचा हात धरला, डॉक्टरांकडे सरळ बघितलं.

"सॉरी, डॉक्टरकाका," ती म्हणाली. "मला थंडी वाजत होती, म्हणून मी पाय तसे ठेवले."

"गप गं, तू नाही म्हणायचं!" आई ओरडली. तोवर वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. हा शब्द मात्र त्यांनी अर्थ न काढता, जसाच्या तसा लिहून घेतला.