मोटेलातले महाराज

ऐंशीच्या दशकात शिकायला ऑस्ट्रेलियात गेलेला नाशिकचा सुगत गांगुर्डे सुट्टीत देश बघत हिंडत होता. वाळवंटाच्या कडेला एका गावात त्याचे पैसे संपले, तेव्हा तिथल्याच मोटेलचे संडास-बाथरूम धुवायला लागला. मालक जयंतीभाई घाटकोपरला वाढलेले. पोरगा नाशिकचा म्हटल्यावर त्यांना गहिवरूनच आलं.

"म्हणजे रामकुंडावरचे तुम्ही! उद्या माझ्या वडिलांचं श्राद्ध आहे आणि इथे भटजी कुठून आणू? तुम्हीच बसा."

"मला त्यातलं काही येत नाही हो."

"जाणकार माणूस असंच म्हणतो. तुमचे आजोबा काळारामाच्या देवळात जायचे ना?"

"गेले होते," सुगत म्हणाला. "दारापर्यंत."

आजोबा सत्याग्रहाला गेले होते आणि दार उघडलंच नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही. नाहीतर हातचं काम जायचं.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसून त्याने येत होती तेवढी एकच प्रार्थना म्हटली, विहारात पाठ केलेली बुद्धवंदना. जयंतीभाई डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी त्याच्या पाया पडले. मग तो उठून कामाला लागला, तर त्यांनी हातातला ब्रशच काढून घेतला.

"नको महाराज. तुमच्याकडून संडास धुवून घेतले तर मला पाप लागेल. मी दुसरा माणूस बघितलाय."

संध्याकाळी सुगतने नाशिकला फोन लावला. "आजोबा, जातीवरून काम गेलं माझं."

म्हाताऱ्याने विचारलं, "कळली का रे त्यांना?"

"नाही ना. कळली असती तर ठेवलं असतं."