हेल्मेटमधली कोंबडी

बोयाकाच्या डोंगरावरचं धुकं अजून अंगणातच रेंगाळत होतं. डॉक्टरांनी एदिल्माला सायकलवर बसायला सक्त मनाई केली होती, पण शर्यत तोंडावर आलेली आणि रस्त्यावरून संघातल्या मुली ओरडत होत्या, “एदिल्मा, राणीसाहेब उठल्या का?” सुजलेल्या गुडघ्यानं लंगडत ती हेल्मेट घ्यायला ओसरीवर आली. आठवडाभर पडलेल्या हेल्मेटमध्ये तांबडी कोंबडी अंडी उबवत बसली होती. एदिल्मानं तिच्या पोटाखाली हात घातला. तिथं आत्ताच सोडलेल्या अंथरुणाची ऊब होती. “उठवू नकोस तिला,” चुलीवर गुळाचं पाणी उकळणारी आई म्हणाली. “नुसती तर बसलीय!” “नुसती? उठव मग, बघ किती पिल्लं निघतात.” एदिल्मानं हात अलगद काढून घेतला. घोंगडी गुडघ्यांवर ओढून ती कोंबडीशेजारीच टेकली. डोळ्यांत धुकं उतरू लागलं. “तुम्ही व्हा पुढे,” ती पेंगतच ओरडली, “आम्ही दोघी खुडूक बसलोय.”